आधी मालकाला विचारा

नरगुंदकर सर आमच्या वर्गावर आले ते मास्तर म्हणून आलेच नाहीत, गिऱ्हाईक म्हणून आले.

धारवाडच्या कॉलेजात ऑटोमोबाईल डिप्लोमाचा आमचा पहिला आठवडा होता. नव्या कोऱ्या निळ्या डांगऱ्या घालून आम्ही वर्कशॉपमध्ये उभे होतो आणि शिकवायला कोणी फिरकत नव्हतं. तेवढ्यात क्रीम रंगाची एक जुनी, छोटी मोटार धापा टाकत थेट आत आली. चालवणाऱ्याच्या खांद्यावर टॉवेल, विजारीचा एक पाय वर दुमडलेला. खिडकीतून डोकं बाहेर काढून तो ओरडला, "गाडी ओढत न्हाई हो! कुणी मेस्त्री हाय का न्हाई हितं?"

आमच्याकडे मेकॅनिकला मेस्त्री म्हणतात. ती हाक ऐकून सगळे धावले. बसू नावाचा पोरगा सर्वांत पुढे. त्याचे वडील टेम्पो चालवायचे, त्यामुळे तो जन्मापासूनच मेस्त्री असल्यासारखा वागायचा. त्यानं बॉनेट उघडलं, कुणी एअर फिल्टर काढला, कुणी प्लग काढले, कुणी नुसतंच खाली वाकून गंभीर चेहरा केला. वर्गात मुलगी मी एकटीच, अळणावरजवळच्या खेड्यातली. मी सगळ्यांच्या मागे उभी राहून काढलेले नट गोळा करत होते. गाडीवाला एका टायरवर बसून शेंगा खात होता. जेवायची वेळ झाली तेव्हा निम्मी गाडी जमिनीवर आली होती आणि दोष काही सापडला नव्हता.

मग तो माणूस उठला, टॉवेलनं हात पुसले, फळ्यापाशी गेला आणि खडूनं आपलं आडनाव लिहिलं. आमची तोंडं बघण्यासारखी झाली.

"सकाळधरनं हितं बसलोय," सर म्हणाले. "गाडीला सगळ्यांनी हात लावला. माझ्याशी कुणी बोललंच न्हाई की रे."

शेवटी बसूनंच धीर केला. "कधीपासून ओढत नाही सर?"

"सोमवारपासनं."

"सोमवारी काय झालं?"

"माझी मुलगी गाडी शिकायला लागली."

एवढं बोलून सरांनी गाडीत हात घातला आणि अर्धवट ओढून ठेवलेला हँडब्रेक खाली सोडला. मुलीच्या हातून तो पूर्ण सुटायचा नाही आणि तशीच गाडी पळवली जायची, असा तो सरांनी रचलेला नाटकाचा प्रवेश होता. दुपारभर आम्ही ती गाडी परत जोडत बसलो. तेवढ्यात पहिला धडा झाला होता. गाडीला हात लावायच्या आधी मालकाला विचारा, आणि मालकाला सर्वांत आधी एकच विचारा, कधीपासून? गिऱ्हाईक कन्नड असेल तर तेच कन्नडात, यावागिंद? सर सांगायचे, "ह्या प्रश्नावर माणूस थांबतो, आणि विचार करायला लागतो. आपलं निम्मं काम तिथंच होतं."

सरांना तरुणपणी नाटकाचा नाद होता. हुबळीच्या हौशी मंडळात त्यांनी पुष्कळ वर्षं काढली, पण भालदार, शेजारी, पत्र आणून देणारा गडी, यापलीकडे त्यांची बढती झाली नाही. दोन वाक्यं बोलून आत जायचं. ती सगळी न बोललेली वाक्यं त्यांनी आमच्यावर काढली. आठवड्यातून एकदा तरी सर कुणी वेगळेच होऊन यायचे. केशवापूरचे व्यापारी होऊन यायचे आणि "नवीकोरी गाडी हाय, कुणी हातच लावला न्हाई," असं छातीवर हात ठेवून सांगायचे. बॉनेटखाली तीन ठिकाणी तारा चिकटवलेल्या निघायच्या. लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेतल्या बाई होऊन यायचे, पदर सावरत, आणि दोष सांगायच्या ऐवजी नवऱ्याच्या ड्रायव्हिंगची गाऱ्हाणी सांगायचे. आम्ही पोट धरून हसायचो, आणि हसता हसता लक्षात यायचं की बाईंनी बोलण्याच्या ओघात दोष सांगूनही टाकलाय.

"मालक खोटं बोलत न्हाई," सर म्हणायचे, "अर्धं बोलतो. उरलेलं अर्धं तुम्ही काढायचं."

माझी अडचण अशी की मला कोणाचं पावसुद्धा काढता येत नव्हतं. घरात मराठी, गावात कन्नड, दोन्ही भाषा मला येत होत्या, पण परक्या माणसासमोर दोन्हींनी मला दगा दिला. गिऱ्हाईक झालेल्या सरांसमोर माझी पाळी आली की मान खाली जायची आणि प्रश्न घशातच राहायचा. पोरं खिदळायची. एकदा मी असंच काहीतरी पुटपुटले, तर सर भूमिकेतून बाहेर येऊन म्हणाले, "काय गं मेस्त्रीणबाई, बुटाशी काय बोलतीस? गाडी माझी हाय, बुटाची न्हाई."

वर्ग हसला. मला वाटलं जमीन दुभंगावी. सर मात्र हसले नाहीत. स्टूल ओढून माझ्यासमोर बसले आणि विचारलं, "तुमच्या घरी म्हैस हाय?"

"दोन आहेत सर."

"आजारी पडली की जनावरांचा डॉक्टर काय विचारतो?"

हे मला येत होतं. अप्पा शेतावर असले की डॉक्टरांना उत्तरं मीच द्यायची. मी सांगून टाकलं. चारा कधीपासून सोडला, पाणी पिते का, उठताना कण्हते की बसताना, सकाळी जास्त की संध्याकाळी, मधे चारा बदलला का.

"बास," सर म्हणाले. "म्हैस बोलत न्हाई, गाडी बोलत न्हाई. तेच विचार. आणि माझ्याकडं बघून विचार. तोंडावरचं अर्धं उत्तर बुटाला दिसत न्हाई."

त्या दिवशी मी एका म्हशीच्या मालकाची चौकशी करावी तशी सरांची चौकशी केली आणि दोष बरोबर काढला. आज हुबळीतल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या गाड्यांच्या तक्रारी उतरवून घ्यायचं काम मी करते. दिवसभर परक्या माणसांशी बोलायचं हेच माझं काम आहे आणि त्यावर माझं घर चालतं. माझ्या पोटापाण्याचा पाया त्या स्टुलापाशी घातला गेला, हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

सरांच्या या नाट्यप्रयोगांचा एकदा मात्र फज्जा उडाला. स्वतः गिऱ्हाईक होऊन कंटाळा आला की सर आपल्या ओळखीच्या माणसांना पाठवायचे. एखादे शेजारी, एखादे भाजीवाले, शिकवून सवरून. त्यामुळे झालं असं, की एक दिवस कॉलेजच्या आवारात एका गृहस्थांची गाडी खरोखरच बंद पडली आणि ते रागानं लाल होऊन वर्कशॉपमध्ये आले. ते कोर्टातले वकील होते, प्रिन्सिपॉलांना भेटायला आले होते. त्यांनी एकूण यंत्रयुगाचा उद्धार सुरू केला. आमची खात्रीच पटली की या वेळी सरांनी जबरदस्त नट गाठलाय. बसूनं टाळ्या वाजवल्या. "भारी आक्टिंग री, काका!" म्हणून ओरडला. वकील जास्त भडकले. ते जितके भडकले तितक्या जास्त टाळ्या पडल्या.

मग आम्ही चौकशी सुरू केली. वकिलांना प्रश्न विचारायची सवय, उत्तरं द्यायची नाही. पण कधीपासून, म्हटल्यावर तेही थांबले. मी विचारलं, "धावताना बंद पडते की उभी असताना?"

"उभी असताना. सिग्नलला."

"तेव्हा एसी चालू असतो का?"

वकील वर बघून आठवायला लागले. "असतो," ते म्हणाले. "हो की. प्रत्येक वेळी असतो."

तेवढ्यात सर आले, वकिलांना पाहून चपापले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, चूक झाली. ह्यांना वाटलं तुम्हाला मीच पाठवलंय." एका वाक्यात आम्हाला कळलं की हे गिऱ्हाईक खरं आहे. आमचे चेहरे उतरले. बसू गाड्या उचलायच्या लिफ्टमागे जाऊन उभा राहिला. सरांनी शांतपणे इंजिनला हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी काढायला लावली, काजळीनं भरली होती, ती आमच्याकडूनच साफ करून घेतली. गाडी एसी लावूनही बंद न पडता घुमत राहिली तेव्हा वकील हसले. जाता जाता बसूला शोधून त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "चाळीस वर्षांच्या वकिलीत टाळ्या पहिल्यांदाच मिळाल्या."

सरांची एक सवय सांगायची राहिली, आणि खरं तर त्यासाठीच हे सगळं लिहायला बसले. दोष सापडेना, की सर मालकालाच गाडी चालवायला लावायचे आणि आपण शेजारच्या सीटवर बसायचे. बाकीचे मेस्त्री स्वतः चक्कर मारून येतात. सरांना ते पटायचं नाही. "मेस्त्रीच्या हातात गाडी शहाण्यासारखी चालती," ते म्हणायचे. "ज्याची खोड त्याच्याच हातात दिसती. शेजारी बसा. गाडीकडं कमी बघा, माणसाकडं जास्त." आम्हाला घेऊन त्यांनी अशा कितीतरी फेऱ्या मारल्या. क्लचप्लेट वारंवार जळते म्हणून गाडीला शिव्या देणारे एक गृहस्थ सबंध रस्ताभर डावा पाय क्लचवर ठेवून बसलेले आम्ही मागच्या सीटवरून पाहिले.

पण पाहणं सोपं होतं. त्यापुढचं अवघड होतं. गाडी थांबवून मालकाला तोंडावर सांगायचं, की गाडीत काही दोष नाही, दोष तुमच्यात आहे. माणसाला हे ऐकायला आवडत नाही आणि मेस्त्रीला सांगायला आवडत नाही. त्यापेक्षा चार नट आवळून, पुसून, गोड बोलून गाडी परत देणं सोयीचं. सर या बाबतीत कडक होते. "गिऱ्हाईक रागावून गेलं तरी चालेल," ते म्हणायचे, "पण जिवंत गेलं पाहिजे."

आणि त्यांची स्वतःची गाडी. ती क्रीम रंगाची. सर राहायचे हुबळीत, केशवापूरला आणि नोकरी धारवाडला. रोजचं जाणं-येणं. बसनं सुखात आले असते. कोणी तसं सुचवलं की म्हणायचे, "नोकरीसाठी मी गाडी चालवत न्हाई हो. गाडी चालवायला मिळती म्हणून नोकरी करतो." वाटेत नवलूरला पेरू घ्यायचे, कुणी विद्यार्थी थांब्यावर दिसला की उचलायचे, आणि गाडी चालवताना इतका तृप्त चेहरा असायचा की शेजारी बसलेल्याला आपण देवळात आहोत असं वाटावं. सर निवृत्त झाले तरी हे थांबलं नाही. चहाची पावडर घ्यायला ते धारवाडला सुभाष रोडवर जायचे. तीच पावडर केशवापूरला घराच्या कोपऱ्यावर मिळत होती. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगी बेळगावला दिली होती. घरात बोलायला कोणी नव्हतं. दिवसातून एकदा ती गाडी सुरू करून धारवाडला जाऊन येणं, हे त्यांचं सगळं होतं.

गेल्या वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावर, सर माझ्या काउंटरवर आले. थकलेले दिसत होते, पण शर्ट इस्त्रीचा. मी उठून पाया पडणार, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"नमस्कार मॅडम. गाडी डावीकडं ओढती."

मला हसूच आलं. म्हटलं, प्रयोग सुरू झाला! मीही सावरून बसले. "कधीपासून साहेब?"

"दसऱ्यापासनं."

"सपाट रस्त्यावर की वळणावर?"

"सगळीकडंच. सरळ धरतो, तरी जाती."

एकदाही ओठावर हसू आलं नाही, डोळा मिचकावला नाही. मी मनातून दाद दिली. गाडी लिफ्टवर घेतली. चारही टायर नवे होते. चाकांची अलाइनमेंट तपासली, बिनचूक. ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग, काही नाही. आता सर काय लपवतायत ते शोधायचं म्हणून मी गाडीभोवती एक चक्कर मारली, आणि डाव्या बाजूला आल्यावर माझं हसू गेलं. डावा आरसा तडकलेला. दोन्ही डाव्या दारांवर ओरखडे, एकावर एक, काही जुने, काही ताजे. उजवी बाजू लख्ख होती.

मी सरांना म्हटलं, "चला, तुम्ही चालवा. मी शेजारी बसते."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि ते स्टिअरिंगवर बसले.

आम्ही उणकलच्या तळ्याच्या बाजूनं निघालो. हात तोच, गिअर टाकायची तीच लय. मी माणसाकडे बघत होते. उभ्या असलेल्या एका रिक्षाला आमची डावी बाजू घासता घासता राहिली. सरांचा चेहरा जराही हलला नाही. पुढे पेरूची हातगाडी होती, ती त्यांनी पाहिली नाही, गाडीवाल्यानंच ती मागे ओढली. माझा हात डॅशबोर्डवर घट्ट बसला. आणि मग डाव्या कडेनं सायकलवरून एक शाळकरी मुलगी चाललेली मला दिसली, आणि आम्ही सरळ तिच्या अंगावर चाललो होतो.

"सर, ब्रेक!"

पाय अजून तयारीचा होता. गाडी जागच्या जागी थांबली. मुलगी मागे वळून न बघता पुढे निघून गेली. सरांनी मान पूर्ण डावीकडे वळवली, तेव्हा कुठे ती त्यांना दिसली.

"कोण होतं गं?" त्यांनी विचारलं.

त्यांचा तो आवाज नाटकातला नव्हता. मी गाडी कडेला घ्यायला सांगितली. इंजिन बंद झालं. तळ्यावरून वारा येत होता. मला सगळं कळलं होतं आणि काहीही सांगायचं नव्हतं. मनात आलं, म्हणावं चाक जरा आवळून देते, आठ दिवसांनी बघू. मग आठ दिवसांनी ती मुलगी, किंवा दुसरी कोणी, किंवा सर स्वतः. आणि सांगावं, तर या माणसाकडून मी काय काढून घेत होते ते मला पक्कं माहीत होतं. माझी मान खाली गेली.

"मेस्त्रीणबाई," सर हळूच म्हणाले, "बुटाशी काय बोलतीस?"

मी मान वर केली. त्यांच्याकडे बघितलं.

"सर, गाडीत काही दोष नाही. तुम्हाला डावीकडचं दिसत नाही. तुम्ही आजपासून गाडी चालवायची नाही."

सरांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मला रडू आलं, आणि मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

"दोन गॅरेज करून आलो," ते म्हणाले. "एकानं अलाइनमेंट करून दिली. एकानं टायर बदलून दिले. दोघंबी भली माणसं. पण शेजारी कुणी बसलंच न्हाई की गं."

ते उतरले. बॉनेटवर हात ठेवत गाडीला वळसा घालून माझ्या दाराशी आले आणि दार उघडलं. "ऊठ. ही गिऱ्हाईकाची जागा हाय. घरी सोड मला."

मी स्टिअरिंगवर बसले. केशवापूरच्या वाटेवर एका सिग्नलला सर म्हणाले, "क्लचवरचा पाय काढ." माझा पाय खरंच क्लचवर होता.

सरांनी ते सगळं ओळखलेलं होतं आणि कुणी सांगतंय का ते बघायला आले होते, की खरोखरच गाडी ओढते असं त्यांना वाटत होतं, हे मी त्यांना विचारलं नाही. मालक अर्धं बोलतो. ते उरलेलं अर्धं मी काढलं नाही, एवढी सूट त्यांना दिली. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की मेंदूला एक लहानसा झटका येऊन गेला होता. दुखलंखुपलं नाही, म्हणून कळलं नाही, पण डाव्या अंगाची नजर घेऊन गेला. ती परत येणार नव्हती. गाडी सरांनी कॉलेजला देऊन टाकली. नवी पोरं आता तिचं बॉनेट उघडून बसलेली असतात. त्यांना मालकाला विचारायला कोण सांगतं, देव जाणे.

मला वाटलं होतं, सर आता खचणार, घरात बसणार. गाडी नाही म्हणजे काय उरलं? तो घोर मी बरेच दिवस मनात बाळगला. फोन करायचं धाडस होईना.

उन्हाळ्यात एक दिवस मी स्कूटरवरून कामाला चालले होते. हुबळीतल्याच होसूरच्या सिग्नलला धारवाडची बस माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. इंजिनचा आवाज जरा फाटलेला होता, सवयीनं मी वर बघितलं. सगळ्यात पुढच्या सीटवर, अगदी ड्रायव्हरच्या शेजारी, नरगुंदकर सर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर रिकामी पिशवी, सुभाष रोडच्या चहाच्या पावडरीसाठी असणार. ते माझ्याकडे बघत नव्हते. पुढे झुकून ते ड्रायव्हरला काहीतरी विचारत होते. मधे काच होती, गर्दीचा गोंगाट होता, पण त्या ओठांवर तो शब्द मी इतक्या वेळा पाहिलाय की ऐकू यायची गरज नव्हती.

यावागिंद?

सिग्नल सुटला. ड्रायव्हरनं गिअरवरचा हात तसाच ठेवला आणि विचार करायला लागला.